वरचा वारा

जगन्नाथ कुबल फोन उचलला की आधी वारा सांगत. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं मागाहून. आडबंदरच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं रापणीचं जाळं ओढलेल्या माणसाकडे सांगण्यासारखी दुसरी बातमी तरी कुठली असणार? "आज सकाळपासून वारो भारी हा गो," इथून सुरुवात व्हायची आणि मग माशांवरून, मुलाच्या, गुरूच्या होडीवरून फिरत फिरत बोलणं लेकीच्या तब्येतीवर येऊन टेकायचं.

ही लेक, प्रणिता, दहावीनंतर पुण्याला शिकायला गेली ती तिथलीच झाली. पुढे तिने हवेच्या वाहण्यावरच डॉक्टरेट मिळवली, तेव्हा गावात थट्टेला ऊत आला होता. जगन्नाथची पोर वाऱ्याची डॉक्टरीण झाली म्हणे, आता वाऱ्याला सर्दी झाली तर औषध कोण देणार ते ठरलं! म्हाताऱ्याने ती थट्टा छाती फुगवून मिरवली. पण एकदा, कामाच्या घाईत, प्रणिता त्याला म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचा वारा मला इथे स्क्रीनवर दिसतो. दर मिनिटाला." बोलण्यात काही वाईट नव्हतं, होतंही ते खरंच. पण त्यानंतर जगन्नाथने फोनवर वारा सांगणं सोडलं. मग सांगण्यासारखं फारसं उरलं नाही, आणि आठवड्याचे फोन महिन्यावर आणि महिन्याचे गणपतीवर गेले.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

प्रणिता ज्या केंद्रात काम करी त्याचं नाव वायुमाग केंद्र. पुण्याबाहेरच्या एका टेकडीवरची दुमजली इमारत, आणि तिच्या तळघरात 'पवनपट' नावाची प्रणाली. कुठे विषारी किंवा किरणोत्सारी वायू सुटला, तर तो कोणत्या गल्लीत, किती वाजता, किती दाट पोहोचेल हे पवनपट दीड मिनिटात सांगे. वीस वर्षांपूर्वी याच गणिताला अर्धा दिवस लागत असे.

हे गणित सोपं वाटतं, पण नसतं. घरात उदबत्ती लावली की धूर आधी सरळ वर जातो आणि मग हातभर उंचीवर एकदम विस्कटतो. कुठे विस्कटेल, कुठे वळेल, हे ती लावणाऱ्याला सांगता येत नाही. आता उदबत्तीच्या जागी शंभर मीटरची चिमणी घ्या, खोलीच्या जागी डोंगर, दऱ्या, खाड्या आणि तापत जाणारी जमीन घ्या. पवनपट त्या सगळ्या हवेचे दहा-दहा मीटरचे ठोकळे पाडी आणि प्रत्येक ठोकळ्यातून शेजारच्यात किती वायू सरकला याचा हिशेब ठेवी. एवढंच नाही, तर त्या हिशेबावरून परिसरातल्या प्रत्येक फोनवर थेट आदेश जाई. घरात थांबा, किंवा निघा, अमक्या रस्त्याने, तमक्या बसने. जिल्ह्याचा अधिकारी फक्त होकाराचं बटण दाबायचा.

एवढ्या हुशार यंत्राला एकच गोष्ट बाहेरून लागे, ती म्हणजे आत्ताचा वारा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

२०४३च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी आड कोरडा पडला.

आडबंदरच्या उत्तरेला सहा किलोमीटरवर सुरूटोकाचं अणुवीज केंद्र. पहाटे तिथल्या उपकेंद्रात बिघाड होऊन वीज गेली, थंड पाणी फिरवणारे पंप थांबले आणि अणुभट्टीच्या कवचातला दाब चढू लागला. पंप तासाभरात सुरू झाले, पण चढलेला दाब कमी करायचा तर आतली वाफ गाळण्यांमधून बाहेर सोडणं भाग होतं. आयोडीन, सीझियम हे खरे घातकी, ते गाळणीत अडकतात. झेनॉन आणि क्रिप्टॉन मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेले वायू. ते कशालाच चिकटत नाहीत, म्हणून कुठलीच गाळणी त्यांना धरू शकत नाही. किरणोत्सार अंगावर घेऊन ते वाऱ्याबरोबर निघतात आणि विरळ होत होत बरेचसे काही दिवसांत निवतात. प्रश्न एवढाच की विरळ होण्याआधी ते कुणाच्या डोक्यावरून जाणार.

"आठ वाजता झडप उघडणार," केंद्राचे प्रमुख इनामदार सर म्हणाले. "सात वाजून दहा झालेत. प्रणिता, चित्र कुठे आहे?"

"वारा नाही, सर."

"वारा नाही म्हणजे?"

"म्हणजे आकडा नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या वातमापकांची जोडणी त्या उपकेंद्रातून होती. सगळे बंद. घाटावरचं रडार चालू आहे, पण त्याला सहाशे मीटरच्या खालचं दिसत नाही. वर पूर्वेकडून वारा आहे. जमिनीलगत काय आहे ते माहीत नाही."

इनामदारांनी चष्मा काढून पुसला आणि न घालताच हातात ठेवला. जमिनीलगत वारा असेल तर वायू त्याच्याबरोबर निघून जातो, आणि तो कुठे जातो ते पवनपट सांगतो. पण खाली हवा ठप्प असेल, तर तो चिमणीभोवती साचतो, दऱ्यांमध्ये उतरतो, तासन्‌तास बसून राहतो, फटींतून घरांत शिरतो. या धंद्यात म्हणतात की वारा नसणं हा सगळ्यात वाईट वारा.

"तिथे कुणी माणूस आहे का? नुसतं बाहेर उभं राहून सांगायला?"

प्रणिता म्हणाली, "माझे वडील तिथेच असतात."

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. केंद्रातले सगळे फोन नोंदले जात, हाही गेला.

"बाबा, मी बोलतेय. तुम्ही कुठे आहात?"

"वेळेर आसंय. काय झाला गो? इतक्या सकाळी?" वेळ म्हणजे किनाऱ्याची वाळू, एवढं तिला आठवत होतं.

"सगळं सांगते मग. आधी मला सांगा, वारा कसा आहे आत्ता?"

 म्हातारा बोलला तो वेगळ्याच, ताज्या आवाजात. "वारो मा? वरचो आसा. खालचो येवक अजून वेळ हा, धा-अकराक येतलो."

"नक्की ना बाबा? वरचा आहे आणि खालचा अजून नाही?"

"अगो, मी काय आज बघतंय? वरचोच हा."

रडार वर वारा दाखवत होतं, आणि बाबाही वरचा आहे, खालचा नाही असंच म्हणत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा चपखल बसल्या की शंकेला जागाच राहिली नाही. प्रणिताने जमिनीलगतच्या वाऱ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. दीड मिनिटाने सुरूटोकाभोवती दहा किलोमीटरचं लाल वर्तुळ उमटलं, आणि आडबंदर त्याच्या पोटात होतं.

सात वाजून चोवीस मिनिटांनी नऊ गावांतल्या फोनांवर एकच मजकूर गेला. 'वारा नाही. वायू साचण्याचा धोका. वीस मिनिटांत गाव सोडा. मार्ग: केवणी घाट.'

सात वाजून एकतीस मिनिटांनी जगन्नाथचा फोन आला. तोवर प्रणिताच्या कानाला तीन फोन लागलेले.

"गो बाय, फोनार वारो नाय म्हणून इलाहा. हंय वारो आसा. माजो टॉवेल उडता."

"हो बाबा, वरचा आहे ना, तो मोजलाय आम्ही. तुम्ही वाद नका घालू. निघा."

"अगो, पण वरचो आसा तर ता धुकट दर्यात जातला. आमका काय..."

"बाबा!" ती ओरडलीच. "मी वीस वर्षं हेच करतेय. तुम्हाला काय सांगतेय ते ऐका. माझ्यासाठी निघा. प्लीज."

 म्हातारा म्हणाला, "बरां. तू सांगतंस तर जातंय."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

केवणी घाट तसा छोटा आहे, बावीस वळणांचा. पण नऊ गावांच्या गाड्या एकदम चढू लागल्या आणि चौदाव्या वळणावर एक टेम्पो आडवा झाला. पुढे सात तास काहीही हललं नाही. फेब्रुवारीचं ऊन, झाड नाही, पाणी नाही. वीस मिनिटांत घर सोडताना जगन्नाथचा दम्याचा पंप खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता. बस तापली म्हणून गुरूने, त्याच्या मुलाने, त्याला खाली उतरवून कठड्यावर बसवलं. तीनच्या सुमाराला म्हातारा त्याच कठड्यावर मुलाच्या खांद्याला टेकून गेला. त्या दिवशी घाटात तीन माणसं गेली, तिन्ही म्हातारी.

वायू मात्र लाल वर्तुळात राहिलाच नाही. झडप उघडली तसा तो सरळ समुद्रावर गेला. दुपारी जमीन तापली, समुद्राकडून वारा फिरला आणि गेलेला वायू परत घेऊन आला. तोवर तो इतका विरळ झाला होता की त्याचा किरणोत्सार छातीच्या एका एक्स-रेइतकाही भरला नसता. तो आडबंदरच्या डोक्यावरून, बऱ्याच उंचीने आत सरकला आणि जिथे डोंगराला लागला तो नेमका केवणी घाट. म्हणजे त्या दिवशी त्या वायूने माणसांना कुठे स्पर्श केला असेल, तर तो जिथे त्यांना वाचवायला नेलं होतं तिथे.

चौकशी झाली. आठनंतर किनाऱ्यावर अचानक वारा सुटला असावा, असा निष्कर्ष निघाला. अहवालात फोनच्या नोंदीवर एकच ओळ होती: 'स्थानिक माहितीदाराने वरच्या थरातील वाऱ्यास दुजोरा दिला.' समितीतल्या एकाचंही गाव कोकणात नव्हतं. हाती असलेल्या माहितीवरून केंद्राने योग्य तेच केलं, असा शेरा मारून फाइल बंद झाली.

प्रणिताची मात्र फाइल बंद झाली नाही. बाबांना आपणच घरातून काढलं, हे काही केल्या मनातून जाईना. पण त्या दुःखाला निदान एक आधार होता. दुसरा इलाज नव्हता, हवा ठप्प होती, थांबले असते तर याहून वाईट झालं असतं. हा आधार धरून तिने वर्ष काढलं.

वर्षश्राद्धाला ती आडबंदरला आली, तेव्हा गावाने वेगळाच घाट घातला होता. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात तिचा सत्कार. गावाला वायूने शिवलंसुद्धा नाही, एकाही पोराच्या अंगावर ओरखडा नाही, ही सगळी आपल्या जगन्नाथच्या लेकीची करामत, असं सरपंचांनी पत्रिकेत छापलं होतं. प्रणिता नको म्हणाली. गुरू म्हणाला, "घे गो. बाबांक बरा वाटतला."

सत्काराच्या दिवशी सकाळी ती वाळूवर जाऊन बसली. ऊन नुकतंच वर आलं होतं. गुरू आणि आणखी पाच-सहाजण होडी लोटायच्या तयारीत होते. भागीरथीकाकी टोपली घेऊन उभी होती. तिचा नवराही त्याच घाटात गेला होता, पण म्हणून ती मासळीला यायची थांबली नव्हती.

"हात चालवा रे!" काकी ओरडली. "वरचो पडाच्या आदी होडी भायर काडा. मगे खालचो इलो काय बसशात वल्ही मारीत!"

प्रणिताने मान वर केली. वारा तिच्या पाठीला लागत होता, मंद पण सरळ, आणि त्याला सुकल्या गवताचा वास होता. समोर समुद्र होता. म्हणजे वारा येत होता मागून, घाटाकडून. वाळूवर पडलेल्या जाळ्याचं टोक फडफडत होतं. हा वारा डोक्यावरून सहाशे मीटरवर वाहत नव्हता. तो इथे, वाळूवर, तिच्या मानेवरचे केस उडवत होता.

"गुरू," ती म्हणाली. "वरचा म्हणजे कुठला वारा?"

गुरू हसला. "पुण्यात ऱ्हवान ता पण इसारलंस? वरसून येता तो वरचो. घाटासून. आनी खालसून, दर्यावरसून येता तो खालचो. लहानपणी तूच माका शिकयलंस."

खरंच होतं ते. आडबंदरात वर म्हणजे घाट आणि खाली म्हणजे समुद्र. वरची वाडी, खालची वाडी, वरची वाट, खालची वाट. दहावीपर्यंत ती याच शब्दांनी वावरली होती. पुढे ती वाऱ्याचे थर शिकली, त्यांच्या उंच्या शिकली, आणि 'वरचा'चा नवा अर्थ जुन्या अर्थावर असा बसला की खाली काही होतं हेच ती विसरली. बाबांनी वारा अचूक सांगितला होता. दिशा सांगितली, बदलायची वेळसुद्धा सांगितली, आणि टॉवेल उडतोय हेही फोन करून सांगितलं. कुठल्या वातमापकाने याहून जास्त काय सांगितलं असतं?

ती घरी आली आणि ओटीवर बसून तिने लॅपटॉपवर पवनपट उघडला. गेल्या वर्षीची ती सकाळ काढली. जमिनीलगतच्या रकान्यातला शून्य खोडून पूर्वेकडचा वारा लिहिला, सेकंदाला चार मीटर. बाकी काहीही बदललं नाही. दीड मिनिटाने नकाशा उमटला. लाल पट्टा सुरूटोकावरून सरळ समुद्रात गेला होता आणि आडबंदर पांढरंशुभ्र होतं. आदेशाच्या चौकटीत दोनच शब्द होते: 'घरात थांबा.'

पवनपटाला एकेका माणसाबद्दलही विचारता येतं. तिने नाव लिहिलं, जगन्नाथ कुबल, आणि घराची जागा दाखवली. उत्तर आलं: 'परिणाम नाही.'

ती मोठ्याने रडली. घरात कुणी नव्हतं ते बरंच झालं.

हे तिच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. अहवाल छापून झाला होता, आणि बंद झालेली फाइल पुन्हा उघडायची हौस कुठल्याच कचेरीला नसते. ती गप्प राहिली असती तर शाल मिळाली असती, नारळ मिळाला असता आणि गुरू होता तसाच भाऊ राहिला असता. दुपारभर ती या विचारात होती. गप्प राहायचा मोह तिला झालाच नाही असं सांगणं खोटं होईल.

चार वाजता पटांगण भरलं. सरपंचांनी लांबलचक भाषण केलं, शाल घातली, नारळ हातात दिला आणि माइक पुढे केला. प्रणिताने शाल काढून घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"ही शाल माझी नाही," ती म्हणाली. "त्या सकाळी मी बाबांना वारा विचारला. ते म्हणाले, वरचा आहे. मला वाटलं, आभाळातला, उंचावरचा. वरचा म्हणजे घाटाकडचा, हे मी विसरले होते. मी यंत्राला सांगितलं की खाली वारा नाही. म्हणून तुम्हाला घाटात पाठवलं. वारा होता. तो वायू समुद्रातच जाणार होता. तुम्हाला कुठेच जायची गरज नव्हती."

 पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, असं कुणी म्हणालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण कुणी काही म्हणेना.

भागीरथीकाकी दुसऱ्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली. "म्हणजे बाय, माजो घोव घराकच ऱ्हवलो असतो तर..."

"तर ते आज असते, काकी."

काकीने मान हलवली, जणू हिशेब बरोबर निघाला. मग तिने वहाणा पायात सरकवल्या आणि ती पटांगणातून चालती झाली. तिच्या मागून एकेक करून लोक उठले. सरपंच नारळाकडे बघत उभे राहिले.

गुरू सगळ्यात शेवटी उठला. बहीण-भाऊ घरी चालत आले. घरी आल्यावर ओटीवर पाय सोडून बसला. प्रणिता समोर उभी राहिली. त्याने हाकलून दिलं तर कुठली बस धरायची, हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं.

"गुरू, काहीतरी बोल. शिव्या दे."

तो खुंटीकडे बघत होता. सदरा अजून तिथेच होता, वर्षभर कुणी काढला नव्हता.

"बसीत बसलंव तेवा," तो शेवटी म्हणाला, "बाबा फोनारचो मेसेज परत परत वाचीत होते. वारो नाय, वारो नाय. आनी हसत होते. मी म्हटलंय, बाबा, येळ काय नि तुमी हसतास काय? तर म्हणाले, 'वरचो इसारला रे माजा चेडू.' माका तेवा काय समाजला नाय. म्हाताऱ्याक ऊन लागलाहा, असा वाटला. आज समाजला."

प्रणिता खाली बसली. म्हणजे त्यांना कळलं होतं. बसच्या खिडकीतून तोंडावर तोच वारा घेत, आपली लेक चुकली हे पक्कं ठाऊक असताना, ते घाट चढत गेले होते.

"मग उतरले का नाहीत, गुरू? तुला का नाही सांगितलं, मागे फिर म्हणून?"

"मी इचारलंय, मगे खुशी कसली झाली तुमका?"  गुरूने तोंड फिरवलं आणि पुढचं भिंतीकडे बघतच सांगितलं. "म्हणाले, 'इतक्या वर्सांनी आज तिना माका वारो इचारल्यान.'"